हिवाळ्यात दगडातला मासा मोकळा करताना

अमेरिकेत वायोमिंगच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात केमरर नावाचं छोटं गाव आहे, समुद्रसपाटीपासून साधारण २,१०० मीटर उंचीवर. गावाभोवतीच्या बोडक्या टेकड्यांमध्ये ग्रीन रिव्हर थरांचे खडक उघडे पडले आहेत. सुमारे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या एका तळ्याचा तो गाळ. भूशास्त्रज्ञ त्या तळ्याला फॉसिल लेक म्हणतात. इथले मासे जगभरच्या संग्रहालयांत आहेत आणि दुकानांतही. त्यातला सगळ्यात जास्त सापडणारा नाइटिया हा तर १९८७ पासून वायोमिंगचा अधिकृत राज्य-जीवाश्म आहे.

बर्फ वितळला की इथल्या खाजगी खाणी उघडतात आणि पुन्हा बर्फ पडायला लागला की बंद होतात. काही खाणमालक दिवसाचे पैसे घेऊन हातात छिन्नी-हातोडा देतात आणि सापडलेले नेहमीचे मासे घरी नेऊ देतात. सॉल्ट लेक सिटीहून गाडीने दोनेक तासांचा रस्ता असल्यामुळे उन्हाळ्यात आपली मंडळी पोराबाळांसकट तिथे जातात, माशांच्या दगडी फरश्या डिकीभर आणतात आणि त्या गॅरेजमध्ये धूळ खात पडतात. त्या फरश्यांमधला मासा दगडातून मोकळा करायचा मोसम म्हणजे हिवाळा. पहिल्यांदाच हात घालणार असाल तर हा लेख तुमच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या कामात बहुतेक मासे बिघडतात ते हत्यारामुळे नाही, तर "आता थोडंच राहिलंय" म्हणत न उठता ओढलेल्या शेवटच्या अर्ध्या तासात. म्हणून मी विश्रांतीला कामाची एक पायरीच मानतो. खाली ती तशीच येईल.

आधी कायद्याचं

केमररजवळचं फॉसिल ब्यूट हे १९७२ पासून राष्ट्रीय स्मारक आहे. तिथून दगडाचा तुकडासुद्धा उचलायचा नाही. केंद्र सरकारच्या इतर जमिनीवरही पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे जीवाश्म परवान्याशिवाय काढता येत नाहीत. राज्याच्या जमिनीवर भाडेपट्ट्याने चालणाऱ्या खाणीत दुर्मीळ काही निघालं, तर ते राज्याचं. खाणमालक काय न्यायचं आणि काय नाही हे सांगतो. त्याच्याशी हुज्जत घालू नका, पावती मात्र जपून ठेवा. खाणीवर जाणं जमत नसेल, तर न साफ केलेल्या नाइटियाच्या फरश्या विकतही मिळतात. त्याही चालतील.

कुठली फरशी निवडायची

केमररचे खाणवाले मुख्यतः दोन थरांची नावं घेतात. एक 'स्प्लिट फिश' थर: यातली फरशी बरोबर माशाच्या पातळीवरच फुटते, मासा दोन्ही बाजूंना थोडा थोडा चिकटून येतो, रंगाने फिकट, नारिंगी-तपकिरी. दुसरा १८ इंची थर. यातला मासा गडद, जवळजवळ काळपट तपकिरी असतो आणि त्याच्यावर दगडाचा पातळ थर शिल्लक राहतो. म्हणजे मासा दिसत नाही. दिसतो तो फक्त कण्याचा किंचित उंचवटा, तोही तिरप्या उजेडातच. म्हणूनच या थरातले मासे शोधायला खाणवाले रात्री काम करतात आणि दिवा जमिनीलगत आडवा धरतात.

नवख्याने सुरुवात स्प्लिट फिशच्या दोन-तीन नाइटियांवर करावी, कारण ते नुसत्या सुईने साफ होतात. मग १८ इंची थराकडे वळा. खरी मजा तिथे आहे. हातभर लांबीचा डिप्लोमिस्टस (त्याच तळ्यातला मोठा मासा) डिकीत असेल तर असू दे, त्याला इतक्यात हात लावू नका. फरशी निदान बोटभर जाड हवी आणि माशाच्या सगळ्या बाजूंनी चार बोटं मोकळा दगड हवा. मासा फरशीच्या काठाशी आला असेल, तर शेपटी मोकळी करताना काठासकट निघून येते.

वाळवणं

खाणीतून ताजी निघालेली फरशी ओलसर असते. हा दगड म्हणजे अतिशय बारीक पापुद्र्यांची चुनखडी, अगदी खारी बिस्किटासारखी. घाईने वाळवली की पापुद्रे सुटायला लागतात. उन्हात किंवा हीटरसमोर ठेवली तर हमखास. सावलीत, खाली दोन लाकडी पट्ट्या घालून, आडवी ठेवून काही आठवडे वाळू द्या.

थंडीचा धोका याहून मोठा. ओली फरशी बिनहीटरच्या शेडमध्ये राहिली आणि रात्री पारा शून्याखाली गेला, की पापुद्र्यांमधलं पाणी गोठून फुगतं आणि फरशी आतून उकलते. दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं, असं चार-पाच वेळा झालं की संपलं. तेव्हा पहिल्या बर्फाच्या आत फरश्या घरात घ्या. गारठलेली फरशी घरात आणलीत तर लगेच कामाला घेऊ नका. उबदार हवेतली वाफ थंड दगडावर धरते. फरशी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आणा, म्हणजे दव पिशवीवर जमेल, दगडावर नाही. दगड खोलीइतका ऊबदार झाला की मगच पिशवी उघडा.

टेबल मांडणं

हत्यारं थोडीच लागतात. पिनव्हाइसमध्ये (सुई पकडणाऱ्या छोट्या मुठीत) बसवलेली कार्बाइडची सुई, एक बारीक स्काल्पेल, मऊ ब्रश, हवेचा रबरी फुगा आणि उंची कमी-जास्त करता येणारा दिवा. दिवा डोक्यावर नको, बाजूने आडवा उजेड हवा, कारण तुम्ही जे बघणार आहात ते केसाएवढे उंचसखलपण आहे. डोक्याला लावायचं भिंग चालतं. पुढे हौस टिकली तर दोन डोळ्यांचा स्टिरिओ मायक्रोस्कोप घ्या. माझ्या मते पैसे खर्चायचेच झाले तर आधी यावर खर्चा, एअर स्क्राइबवर नंतर.

एअर स्क्राइब म्हणजे कंप्रेसरच्या हवेवर चालणारी, मिनिटाला हजारो ठोके मारणारी पेनएवढी छिन्नी. १८ इंची थराला ती लागतेच. तिच्या जागी विजेवरचं नक्षीकामाचं पेन वापरून बघावंसं वाटेल, पण त्याचा ठोका भरड असतो आणि खालचं हाड उचकटतं. शेवटची पातळ साय काढायला काही जण हवेच्या झोतातून भुकटी मारतात: खायचा सोडा सर्वांत मऊ, डोलोमाइट थोडं कडक. सोड्याने सुरुवात करा. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या वाटेला जाऊ नका, ते दगडाबरोबर मासाही खातं.

दगडाची धूळ फुप्फुसात जाते, म्हणून एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, चष्मा आणि स्क्राइब असेल तर कानाला मफ. धूळ ओढून घेणारा पाइप टेबलाशी हवाच. आता हिवाळ्यातली अडचण: हवा खेळती ठेवायची म्हटली की थंडी आत येते, आणि दारं-खिडक्या बंद करून गॅसचा हीटर लावला की दुसरंच संकट. डिंकासाठी आपण ॲसिटोन वापरणार आहोत. त्याची वाफ उणे २० अंश सेल्सियसलासुद्धा ठिणगीने पेट घेऊ शकते. उघडी ज्योत, लाल तापलेली कॉइल, सिगारेट, यांपैकी काहीही त्या खोलीत नको. ऊब हवी असेल तर तेलाचा बंद रेडिएटर वापरा आणि ॲसिटोनचं काम त्यापासून लांब करा.

मासा ओळखीचा करून घ्या

दगडाला सुई लावण्याआधी बाजारात जा. नाइटिया हा हेरिंगच्या गणातला मासा. आपली तारली आणि पेडवे याच गणातले. तारली साफ करताना पोटाच्या कडेला बोटाला करवतीसारखी खरखर लागते ना, तशीच धारदार खवल्यांची रांग नाइटियाच्या पोटाखाली असते. त्याच्या पाठीवर परापुढेही तशी रांग असते. अमेरिकेत तारली नाही मिळाली तर फ्रोझन सार्डिन घ्या. एक मासा उकडून त्याचं मांस सावकाश सोडवा आणि सांगाडा काळ्या कागदावर मांडा. बरगड्या कण्याला कुठे भेटतात, पाठीवरचा पर पोटाखालच्या परांच्या तुलनेत कुठे येतो, शेपटीचे काटे दोन पंख्यांसारखे कसे उलगडतात, हे एकदा नीट बघितलं की दगडात पुढचं हाड कुठे असणार याचा अंदाज सुईच्या आधी डोक्याला येतो. आंतरजालावरच्या चित्रांनी हे होत नाही. उरलेल्या माशांचं सुकं करा.

सोडवायला लागा

फरशी वाळूच्या पिशवीवर ठेवा, म्हणजे ठोका खाली जिरतो. कामाआधी पट्टी ठेवून फोटो काढा.

सुरुवात कण्यापासून, शरीराच्या मधोमध. तिथलं हाड जाड असतं, चूक झाली तरी सोसतं. स्क्राइब किंवा सुई उभी कधीच धरायची नाही. दगडाशी जेमतेम तिरपी धरा आणि माशाच्या वर अर्धा मिलिमीटर दगड शिल्लक ठेवत सपाट करत चला. मग सुईने ती साय काढा. नशीब चांगलं असेल तर दगड हाडावरून आपणहून सुटतो: बिस्किटी रंगाच्या दगडात आधी एक गडद ठिपका उघडतो, मग त्याच्या शेजारची कपची टकदिशी उडते आणि खाली चकाकता तपकिरी मणका दिसतो. आवाजही बदलतो. दगडावर सुई करकरते, हाडावर घसरते. तो फरक कानाला कळायला लागला की अर्धं काम शिकलात. (स्क्राइब वापरताना कानाला मफ असतात, तेव्हा हेच बोटांना कळावं लागतं.)

कण्यावरून बरगड्यांकडे जा, नेहमी हाडाच्या दिशेने, मुळाकडून टोकाकडे. आडवं गेलात की बरगडी तुटते. पर सगळ्यात शेवटी. त्यांचे काटे केसासारखे असतात आणि मधल्या फटींत दगड असतो. तो काढायचा मोह होईल, काढू नका. काट्याचा वरचा भाग दिसला की पुरे. डोकं हा वेगळा विषय आहे. कवटीची हाडं एकमेकांवर दबून सपाट झालेली असतात, कुठलं वर आणि कुठलं खाली हे कळत नाही. पहिल्या माशात डोक्यावर थोडा दगड राहू दिलात तर बिघडत नाही. डोळ्याच्या खोबणीत तर खोदूच नका. खोल खड्डा केला की मासा कार्टूनसारखा दिसतो, आणि दुकानातल्या स्वस्त माशांत हा दोष सर्रास दिसतो.

उठा, बाहेर जा

अर्धा-पाऊण तास झाला की हत्यार खाली ठेवायचं. घड्याळाचा गजर लावा. मन कधीच तयार होत नाही. कुठे थांबायचं तेही ठरवून घ्या: एक बरगडी पूर्ण झाल्यावर, अर्धवट नाही. माशावर स्वच्छ कापड टाका.

भिंगातून हातभर अंतरावर बघून डोळे आखडतात, त्यांना लांबचं काहीतरी हवं असतं. खोलीतल्या खोलीत फिरून ते होत नाही. बाहेर पडून दूरच्या टेकडीकडे किंवा रस्त्याच्या टोकाकडे बघत दहा मिनिटं चाला. बर्फावर ऊन असेल तर गॉगल लावाच. दिपलेले डोळे घेऊन परत भिंगाखाली बसलात तर बराच वेळ काही दिसणार नाही.

हातांचं मात्र जास्त सांभाळायला हवं. कंप पावणारं हत्यार धरून बोटांतल्या रक्तवाहिन्या आखडतात. वर्षानुवर्षं असं काम करणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरी पडून बधिर होतात. कंपानंतर लगेच थंडी म्हणजे दोन्हीकडून मार. म्हणून स्क्राइब ठेवल्यावर आधी घरातच हात चोळून गरम करा, हातमोजे आतच चढवा आणि मगच दार उघडा. फावड्याचा लोखंडी दांडा किंवा गाडीचं हँडल उघड्या हाताने धरू नका. बोटांची टोकं पांढरी पडत असतील किंवा मुंग्या येत असतील तर स्क्राइब बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. सुईने काम करायला कुणी अडवलेलं नाही.

जायच्या आधी अंगावरची धूळ झटका आणि कामाचा ॲप्रन तिथेच सोडा. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणीही याच वेळी काढून टाका. थंड गॅरेजमध्ये पाइपात पाणी साचून गोठतं, भुकटीचे गोळे होतात आणि झोत तुंबतो. परत आल्यावर भिंगाच्या काचेवर वाफ धरेल. ती पुसत बसू नका, जाईपर्यंत चहा घ्या. आणि हातांना ऊब येईपर्यंत परांच्या वाटेला जायचं नाही.

दिवसभर काम करणार असाल तर एक मोठी सुट्टी ठेवा. फॉसिल ब्यूटच्या वाटांवर हिवाळ्यात स्नोशू घालून चालता येतं आणि एखादा वन्य प्राणी दिसायची शक्यता असते. जानेवारीत यूटा-आयडाहोच्या सीमेवरच्या बेअर लेकला गेलात तर तिथला बॉनव्हिल सिस्को हा छोटा चंदेरी मासा अंडी घालायला काठाजवळ येतो. लोक बर्फाला भोक पाडून हातजाळ्याने तो धरतात. परवाना काढा आणि एक घरी आणा. तो नाइटियाचा नातेवाईक नाही, पण जिवंत माशाचे पर पाण्यात कसे उघडमीट करतात हे बघितल्यावर दगडातला मिटलेला पर 'तुटका' वाटत नाही.

तुटलं तर

तुटणारच. कपची उडाली की जागचं हलू नका. मोबाइलचा टॉर्च जमिनीलगत आडवा धरा आणि शोधा. टेबलाखाली आधीच पांढरी चादर घातली असेल तर दुवा द्याल.

डिंकासाठी पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक संग्रहालयांत वापरतात. दाणे मिळतात, ते काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये विरघळवायचे. १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम घातले की ठिसूळ हाडात मुरणारं पातळ द्रावण होतं. त्याच्या आठ-दहा पट दाट केलं की तुकडे चिकटवायचा डिंक. दाणे विरघळायला रात्रभर लागते. याचा मोठा फायदा म्हणजे चूक झाली तर ॲसिटोन लावून परत सोडवता येतं. सुपरग्लू पटकन धरतो, खाणीवर सगळे तोच वापरतात, पण वाकडा बसलेला तुकडा सोडवताना रडवतो.

पातळ द्रावण ब्रशच्या टोकाने थेंब थेंब सोडा, दगड पिईल तेवढंच. वर चकाकी आली म्हणजे जास्त झालं. गार, दमट खोलीत ते पांढुरकं पडतं, कारण ॲसिटोन उडताना पृष्ठभाग आणखी थंड होतो आणि हवेतलं पाणी धरतो. खोली गरम करून नुसत्या ॲसिटोनचा ब्रश फिरवला की पांढरेपणा जातो. डिंकाचं काम नेहमी सुट्टीच्या आधी उरकायचं. तुम्ही बाहेर असताना ते वाळतं आणि वास खिडकीतून निघून जातो.

किती भरायचं, किती रंगवायचं

इथे मतं वेगवेगळी आहेत, माझं कडक आहे. फरशीतल्या भेगा आणि माशाबाहेरचे खड्डे जरूर भरा: त्याच दगडाची भुकटी दाट पॅरालॉइडमध्ये कालवली की रंग आपोआप जुळतो. थोडं कमीच भरा, वाळल्यावर सुईने सपाट करा. दोन तुकड्यांत फुटलेल्या माशातला सांधाही भरावा, नाहीतर नजर तिथेच अडकते.

पण नसलेलं हाड बनवू नका. अर्धी शेपटी गेली असेल तर तिथे दगडच राहू द्या. बाजारात दगड कोरून आणि तपकिरी रंग फासून पूर्ण केलेल्या शेपट्या भरपूर आहेत, दोन माशांचा जोडून केलेला एक मासाही मिळतो. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च अंधारात धरला की नवा डिंक आणि रंग बहुतेक वेळा हाडापेक्षा वेगळे उजळतात. विकत घेताना हा टॉर्च खिशात असू द्या.

भरलेल्या जागी रंग द्यायचाच असेल, तर आधी पॅरालॉइडचा एक हात द्या, मग ॲक्रिलिक रंग, हाडापेक्षा अर्धी छटा फिकट. जवळून बघणाऱ्याला कळावं आणि लांबून खटकू नये, इतपत. खऱ्या हाडावर रंग किंवा वार्निश लावायचं नाही, कितीही खुलून दिसलं तरी.

नोंद आणि जागा

फरशीच्या मागे एका कोपऱ्यात पॅरालॉइडचा पट्टा ओढून त्यावर शाईने नंबर घाला. वहीत त्या नंबरापुढे खाण, थर, तारीख, माशाचं नाव, कुठला डिंक, काय भरलं, काय रंगवलं हे लिहा. आधीचा आणि नंतरचा फोटो जोडा. पुढे मासा कुणाला दिलात किंवा विकलात तर वहीतल्या पानाची प्रत सोबत द्या.

भिंतीवर टांगताना वरच्या कडेला भोक पाडू नका. खालून आधार देणारी चौकट करा. फायरप्लेसच्या वरची जागा शोभेची असली तरी टाळा, कारण पॅरालॉइड ४० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मुंबईला किंवा कोकणात न्यायचा असेल तर पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लावू नका आणि ओल्या फडक्याने कधीही पुसू नका, नुसता ब्रश.

जाता जाता: सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या खोऱ्यातल्या कोटा थरांत ज्युरासिक काळातले मासे सापडले आहेत, चकचकीत जाड खवल्यांचे. तिकडे गेलात आणि काही दिसलं, तर फोटो काढा, जागा नीट लिहून ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा. वर लिहिलेलं त्या माशांवर करून बघू नका.

दोन-तीन नाइटिया झाले असतील आणि बोटं शाबूत असतील, तर आता तो डिकीतला डिप्लोमिस्टस बाहेर काढा. त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, त्यामुळे खालच्या जबड्याची कड तुमच्या अंदाजापेक्षा वर सापडेल. तिथे स्क्राइब नको, सुई.